नमुना अर्ज

"मी यंत्र नाही," अशी खूण मैसूनने सकाळपासून सातव्यांदा केली. यंत्राला काही ते पटेना. त्याने नऊ चित्रं पुढे टाकली आणि हुकूम सोडला: यातले आग विझवायचे नळ ओळखा. ते बुटके आणि लाल असतात म्हणे, रस्त्याच्या कडेला उभे. तिच्या इर्बिद शहरात आग लागली की शेजारी बादल्या घेऊन धावतात. मैसूनने अंदाजाने तीन चित्रं दाबली. चूक. पुन्हा नऊ चित्रं.

"अरे मेल्या, माणूस आहे मी, माणूस!" ती ओरडली.

"कुणाशी भांडतेस गं?" स्वयंपाकघरातून तिच्या आईने, इन्शिराहने विचारलं. ती सकाळपासून द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळत बसली होती. गुरुवारी लेक परदेशी जाणार, तिला डबा भरून द्यायचा होता.

लेकीला जायचं नव्हतं. धाकट्या भावाने, वाएलने दम्मामहून तिकीट पाठवलं होतं. त्याच्या बायकोला तिसरं होणार होतं आणि आधीची दोन सांभाळायला कुणीतरी हवं होतं. "ताई तशीही रिकामीच आहे," असं तो आईला फोनवर म्हणाला. अकरा वर्षं प्रोग्रामिंग केलेली बाई नोकरी गेल्यावर चौदा महिन्यांत रिकामी झाली! आज मंगळवार. हा शेवटचा अर्ज, अम्मानच्या एका कंपनीत. निवड झाली तर तिकीट परत, नाहीतर गुरुवारी विमान.

नळ एकदाचे ओळखले गेले. बायोडेटा चढवा. चढवला. आता त्यातलं सगळं पुन्हा हाताने भरा. का? विचारायचं कुणाला? भरलं. "आपली वेळ संपली." पान कोरं. पुन्हा भरलं. मोबाइलवर आकडा येईल तो टाका. आकडा आला तोवर पान परत कोरं. संगणक कोळून प्यायलेल्या बाईचे हे हाल, तर बाकीच्यांनी काय डोकं फोडून घ्यावं? तिसऱ्या खेपेला अर्ज गेला. चार सेकंदांत उत्तर आलं.

"आपण आमच्यासाठी मोलाच्या आहात. नोकरीत वर्षाहून मोठा खंड असल्याने अर्ज बाद."

चार सेकंद! माणूस शिंकायला याहून जास्त वेळ घेतो. मैसूनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खाली आणखी एक ओळ होती: "चांगला अर्ज कसा असतो ते इथे पाहा." वर हा शहाणपणा! तिने दात-ओठ खात ती ओळ दाबली.

नमुना अर्ज उघडला. नाव: इन्शिराह. काम: द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळणे. अनुभव: चाळीस वर्षं. खंड: नाही. गुण: शंभरपैकी शंभर.

"आई," ती कशीबशी म्हणाली, "इकडे ये जरा."

दहा महिन्यांपूर्वी अम्मानच्या याच कंपनीने तिला एक 'छोटीशी परीक्षा' दिली होती. आलेले अर्ज चाळणारा प्रोग्राम लिहून दाखवा. पाच दिवस ती लॅपटॉपपुढेच जेवली. प्रोग्राम तपासायला एक खोटा अर्ज लागतो. समोर आई पानं गुंडाळत होती, म्हणून तिचाच भरला. तो दर वेळी पास व्हावा अशी सोयही करून ठेवली. काम पाठवलं. पुढे हो नाही की नाही नाही. आणि आता तोच प्रोग्राम इथे, जसाच्या तसा, आईच्या नावासकट! चोरांनी उघडून वाचायचीसुद्धा तसदी घेतली नव्हती.

मग तिला दुसरी गोष्ट आठवली. खंडाची अट कंपनीची होती, पण प्रोग्राममध्ये ती ओळ लिहिली होती मैसूनने. दोन मिनिटांचं काम. तेव्हा तिची नोकरी जाऊन चारच महिने झाले होते. ही ओळ कुणाकुणाला घरी बसवेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली आणि राग दुप्पट झाला.

इन्शिराहने सगळं ऐकून घेतलं. हातातलं पान तिने इतकं आवळलं की भात बाहेर आला.

"भर माझा अर्ज," ती म्हणाली.

मैसूनने भरला. शिक्षण: सातवी. फोन: आईचा. चार सेकंद. "अभिनंदन!"

दहा मिनिटांत फोन वाजला. चौदा महिने मैसून ज्याची वाट बघत होती तो माणसाचा आवाज, गोड आणि तरतरीत. तिने हात पुढे केला, पण आईने फोन दिला नाही.

"इन्शिराहबाई, इतके गुण आमच्याकडे आजवर कुणालाच पडले नव्हते! याआधी आपण कुठल्या कंपनीसाठी काम केलंय?"

"तुमच्याच," इन्शिराह म्हणाली. "तुमच्या नमुना अर्जावर माझं नाव आहे. बघा की. नाही, आत्ता बघा, मी थांबते."

पलीकडे बटणं वाजली.

"सापडलं ना? आता तुमच्या साहेबांना विचारा, माझं नाव तिथे कुणी लिहिलं. विचारून तिला फोन करा. आणि काय ते लवकर करा, माझी मुलगी रिकामी नाहीये."