न उचलायचा फोन

"नवोच घे, मावशे." सुदेशने मोबाईलचं मागचं झाकण काढलं, आत नाक खुपसलं आणि लगेच मान मागे घेतली. "ह्येच्यात बांगड्याचा तिखला केलंस काय?"

चंद्रावती हसली नाही. मोबाईल सकाळी मासळीच्या टोपलीत पडला होता, बर्फाच्या खारट पाण्यात. सापडला तोवर निम्मी टोपली विकून झाली होती. उरलेली मासळी पडेल त्या भावात देऊन ती कट्टा गावच्या बाजारातून थेट स्टँडसमोरच्या या दुकानात आली होती. टोपली दाराबाहेर ठेवायची, एवढी शुद्ध मात्र तिने राखली होती.

सुदेशने ब्रश स्पिरिटमध्ये बुडवून आतली खार घासून काढली, दुसरी बॅटरी घातली आणि आपल्या फोनवरून तिचा नंबर लावला. रिंग वाजली. चंद्रावतीचा जीव भांड्यात पडला.

तिचा मोबाईल तिला कानाला लावायला देऊन तो आपला फोन घेऊन बाहेर गेला, दोन शब्द बोलला आणि परत आला.

"आयकाक इला?"

"नाय."

"तुजा माका आयकाक येता. पण कानाकडचो स्पीकर गेलो. वाजणारो येगळो, त्येच्यातसून बोलणा आयकाक येणा नाय. तुका कायच आयकाक येवचा नाय."

"पण वाजता मा? मगे झाला. दी हडे."

"गे, पण आयकाक नको तुका?"

"कोणाचा आयकू?"

ती हे तक्रारीने म्हणाली नव्हती. तिचा मुलगा विकी गुजरातेत वेरावळला मासेमारी ट्रॉलरवर खलाशी होता. ट्रॉलर बंदरातून सुटताना त्याचा एक मिस्ड कॉल यायचा आणि माघारी येताना किनाऱ्याची रेंज लागली की दुसरा. गेला, आला. तो जिवंत असल्याचं चंद्रावतीला एवढ्यावरून कळायचं. नव्या नवलाईत एकदा तिने फोन उचलला होता. "उचललंस कित्याक गे आये? पैसे गेले मा!" असं म्हणून त्याने ठेवून दिला होता. ती चूक तिने पुन्हा केली नाही. फोन वाजला की ती हातातलं काम टाकायची, वाजायचा थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत राहायची आणि मग देवाला हात जोडायची. शेजारणी म्हणायच्या, चंद्रावतीच्या झिलाचा फोन अगदी नेमाने येतो. ती हो म्हणायची. घरात मात्र दुसरं माणूस नव्हतं, आणि संध्याकाळ तिला खायला उठायची.

"दुरुस्त करूक येयत," सुदेश म्हणाला. "पण पार्ट कणकवलेसून हाडूक होयो. चार दिस हय ठेवचो लागात. आणि आत खारा पाणी गेला हा. उघडून गरम केलंय तर वाजणारो पण मरात कदाचित. त्यापरीस नवो घे."

"नवो विकी हाडतलो. चतुर्थेक येतलो तेवा."

तो येणार असं ती म्हणत होती त्याला दोन चतुर्थ्या उलटल्या होत्या. नवा मोबाईल आपणच घेतला, तर त्याला घरी यायला एक निमित्त कमी होईल, ही तिची भीती होती. ती तिने सुदेशला सांगितली नाही.

"आणि हय ठेवचो नाय," ती म्हणाली. "ट्रॉलर सुटाचो आसा. आज नायतर उद्या वाजतलो."

तिने हात पुढे केला आणि मोबाईल टेबलावरच वाजला.

सुदेशचा हात दुरुस्तीवाल्याचा. वाजलेला फोन त्याने सवयीने उचलला.

"उचलू नको रे!" चंद्रावती एवढ्याने ओरडली की शेजारचा दुकानदार बाहेर येऊन बघू लागला. तिने मोबाईल हिसकावून कानाला लावला. "विकी, मी नाय रे उचललंय! ठेव, ठेव, पैसे जातत!"

कानात काहीच नव्हतं. तिने मोबाईल सुदेशपुढे धरला. "ठेवल्यान मा?"

पडद्यावर सेकंद पुढे सरकत होते. "नाय. चालू आसा."

"बाबू, माका तुजा आयकाक येणा नाय. मोबाईल बिघडलो हा. ठेव आता."

तिने परत दाखवला. सुदेशने मान हलवली.

"अजून चालू आसा, मावशे. तो ठेवणा नाय."

चंद्रावतीने मोबाईल पुन्हा कानाला लावला. आता ती 'ठेव' म्हणाली नाही. स्टँडवर एसटी शिरली, कंडक्टर ओरडू लागला, तशी तिने दुसऱ्या कानात बोट घातलं. दुकानाकडे पाठ करून ती उभी राहिली आणि मधून मधून नुसती हुंकार देत राहिली. "होय. होय रे." एसटी भरून निघून गेली तरी ती तशीच उभी होती.

शेवटी सुदेशनेच पुढे होऊन पडदा बघितला. कॉल कधीच तुटला होता.

त्याने घाईने तिचं सिमकार्ड आपल्या मोबाईलमध्ये घातलं आणि विकीचा नंबर लावला. बंद. पुन्हा लावला, पुन्हा बंद. ट्रॉलर सुटला होता. आता तो माघारी येईपर्यंत काही कळणार नव्हतं.

"काय बोललो असात रे तो?" चंद्रावतीने विचारलं.

सुदेशने कार्ड काढून तिच्या हातावर ठेवलं. तिने ते पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलं आणि मोबाईल टेबलावर त्याच्याकडे सरकवला.

"ठेवन जातंय. आयकाक येयत असो कर."

"पण मावशे, वाजणारो मेलो तर? कॉल इलेलो कळाचो कसो तुका?"

"मरांदे." तिने दाराबाहेरची टोपली उचलून कमरेवर घेतली. "उजेड पडता मा त्येच्यार? मी त्येच्याकडे बघीत बसान. उजेड पडलो काय उचलतलंय."