कोबी तयार होईपर्यंत

खट्. मागच्या दाराची कडी निघाली आणि सकाळपासून गप्प असलेल्या घरात तेवढाच एक आवाज झाला.

ती ओट्याशी उभी होती. हातातल्या चहावर साय धरली होती. किती वेळ अशी उभी आहे, हे तिला सांगता आलं नसतं. कडीपर्यंत हात पुरत नाही म्हणून बादली पालथी घालून तिच्यावर चढायला लेक परवाच शिकली होती. पाच वर्षांची पोर. हाताला लागेल ते कुरतडते म्हणून तिच्या बाबाने तिचं नाव खारू ठेवलं होतं, आणि आता तीच खारू दुसऱ्यांच्या कुरतडण्यावर दात धरून होती.

"आई, चल लवकर. त्या उठायच्या आत जायचंय."

त्या म्हणजे अळ्या. तिने साबणाच्या पाण्याचा डबा उचलला आणि मुलीच्या मागोमाग परसात गेली.

कोबीची अकरा रोपं खारूच्या बाबाने लावली होती. त्यानंतर महिन्याभराने एका सकाळी तो कामाला म्हणून निघाला, वाटेतून त्याला दवाखान्यात नेलं, आणि तिथून तो परत आलाच नाही. ते दिवस खारू मावशीकडे होती. ती आली तोवर सगळं उरकलं होतं. बाबा कुठे, तर लांब कामाला. मग येणार कधी? आई तेव्हा याच दारात उभी होती आणि समोर मुठीएवढेही न झालेले कोबी होते. तिच्या तोंडून निघून गेलं, कोबी तयार झाला की.

त्या दिवसापासून पोरीचा वाफ्यावर खडा पहारा. पानांची चाळण दिसायला लागली तेव्हा खारूने घर डोक्यावर घेतलं. मग आईने आपल्या अकलेने जुना जाळीचा पडदा वाफ्यावर अंथरला. फुलपाखरांनी अंडी तर आधीच पानांखाली घातलेली होती; पडद्याने अळ्या टिपणारी पाखरं तेवढी बाहेर राहिली. तिचे सासरे, ज्यांना सगळे नाना म्हणत, त्यांचा जन्म सार्वजनिक बागेत माळीकाम करण्यात गेला होता. विषारी फवारा त्यांना घरात चालत नसे. पडदा काढताना ते एवढंच म्हणाले, की अळ्यांना छान मच्छरदाणी लावून दिलीस. पूर्वी ती हसली असती. मग त्यांनी पानांवर राख भुरभुरली, लसूण-मिरचीचं पाणी शिंपडलं, आणि उरलेल्या अळ्या रोज सकाळी हाताने वेचायला सांगितल्या.

काल जेवताना मात्र नानांनी दुसरंच विचारलं होतं. गड्डे आठवड्याभरात भरतील, तर पोरीला सांगायचं कधी, आणि सांगायचं कुणी, तू की मी. तिने ताट बाजूला सारलं. थोड्या वेळाने नानांनीही सारलं.

"मेल्यांनो," खारू पान उलटं करून अळ्यांना झापत होती, "माझ्या बाबांचा कोबी खाताय होय?" मेल्यांनो हा शब्द तिने नानांकडूनच उचलला होता. ती दाखवत होती आणि आई वेचत होती. अळी बोटांना गार लागते, एवढंच आईला कळत होतं. टुप्. डब्यात पडायची. टुप्.

वाफ्याच्या मधोमध, सगळ्यात मोठ्या कोबीच्या पानावर एक अळी नुसतीच बसून होती. तिच्या अंगाला तांदळाच्या कण्यांसारखं काहीतरी पांढरं चिकटलेलं होतं.

"आई, हिने बघ किती अंडी घातलीत."

आईने तिला चिमटीत धरलं.

"ती असू दे," मागून नाना म्हणाले. झारी खाली ठेवून ते गुडघ्यांवर हात टेकत उकिडवे बसले.

ती अंडी नव्हेत, ते कोष, असं त्यांनी खारूला समजावलं. डासाएवढी एक माशी असते. ती अळीच्या पोटात अंडी घालते. पिल्लं तिला आतून खात खात वाढतात, बाहेर पडतात आणि तिच्याच अंगावर कोष विणतात. त्या कोषांतून माश्या निघाल्या की त्या पुढच्या अळ्यांचा बंदोबस्त करतात. बागेत अशी अळी सापडली तर ते तिथे काडी रोवून ठेवत, म्हणजे कुणी चुकून मारू नये.

खारूने गवताची काडी तोडली आणि अळीला हळूच टोचली. अळीने डोकं वर उचललं. जरा वेळ तसंच धरलं. मग खाली ठेवलं. तिच्याखालचं पान कुठेही कुरतडलेलं नव्हतं.

"ही खात का नाही, नाना?"

"भूकच राहिली नाही तिला."

"पण हलतेय की."

"हलते. अजून चार दिवस हलेल. आत काही उरलेलं नाही बाळा, ती गेल्यात जमा आहे. तिला ते ठाऊक नाही, एवढंच."

नाना बोलून गेले खरे. त्यांनी सुनेकडे पाहिलं नाही. झारीच्या तोंडातून थेंब थेंब पाणी मातीत पडत होतं, तिकडे बघत राहिले.

खारूने काडी अळीशेजारी मातीत रोवली. मग रोजच्यासारखं कोबीच्या गड्ड्याला दोन्ही तळव्यांनी वेढून पाहिलं. कालपर्यंत बोटं बोटांना टेकत होती. आज टेकली नाहीत. तिने ते आईला दाखवलं, आणि आईने मान हलवली.

तेवढ्याने खारू एरवी उड्या मारत घरात पळाली असती. आज ती तशीच वाकून अळीकडे बघत राहिली.

"आई," ती म्हणाली, "मग हिला कोण सांगणार?"