तीस सेकंद

"ताई, माउसला हात लावू नका! लाइनच खराब आहे, किती वेळा सांगू?" इंजिनिअर तिसऱ्यांदा ओरडला.

ताईने हात लावलाच. तिचं डोकं सकाळपासूनच तापलेलं होतं. टेकडीवरचा पाण्याचा पंप आता तिला या खोलीतून चालवायचा होता, स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत हुकूम टाइप करून. पण जरा वेळ कोणी काही टाइप केलं नाही की लाइन तुटायची. मग पंपवाले काका दुखरे गुडघे धरत टेकडी चढायचे आणि पंप हाताने बंद करायचे. आजही ते वरच बसले होते. साहेबांनी स्पष्टच सांगितलं होतं, "आज वीस मिनिटं लाइन टिकली तर ठीक. नाहीतर काका वरच राहतील आणि तुम्ही तक्रारींच्या काउंटरवर." आता ते घड्याळाकडे बघत मागेच उभे होते.

ताईने सेटिंगचं पान उघडलं.

"हे बघा. आपण गप्प बसलो तरी दर इतक्या सेकंदांनी पलीकडे एक रिकामी हाक जाते, म्हणून लाइन जागी राहते. काल इथे तुम्ही तीस टाकलेत ना?"

"टाकले की. परवाही टाकले. रोज टाकतो."

"रोज का टाकावे लागतात?"

इंजिनिअर स्क्रीनकडे वाकला. चौकटीत शून्य होतं, म्हणजे हाक जातच नव्हती.

"तुम्ही तीस टाकता आणि थेट कनेक्ट करता. परत पहिल्या पानावर येऊन सेव्ह कोण करणार, माझी आत्या? तुमच्यासमोर लाइन टिकते. तुम्ही गेलात, मी बंद करून उघडलं, की पुन्हा शून्य!"

साहेब उगाचच खोकले.

तिने तीस टाकले. पहिल्या पानावर आली, पंपाचं नाव निवडलं, सेव्ह दाबलं. सगळं बंद केलं. पुन्हा उघडलं. तीसच. मग पंप चालू केला, खुर्ची मागे सरकवली आणि हाताची घडी घातली.

पाच मिनिटं गेली. दहा. इंजिनिअरचा एक पाय सारखा हलत होता.

"एकदा एन्टर मारून बघायचं का?"

"हात लावू नका," ताई म्हणाली.

वीस झाली. साहेबांनी मान डोलावली. ताईने पुढे सरकून पंप बंद करायचा हुकूम टाइप केला. खाली लगेच ओळ उमटली: पंप बंद.

इंजिनिअर हे लिहून घ्यायला खिशात पेन शोधायला लागला.

ताईने फोन उचलला. "काका, दाराला कुलूप लावा आणि या खाली."

"अगं, वेडी का काय? मग पंपाकडे कोण बघणार?"

"मी."