कानाचं मशीन

“आले, आले! मशीन नीट लावा,” पुष्पाबाई दारातूनच म्हणाल्या आणि कारभाऱ्यांच्या छातीत धडधड सुरू झाली.

त्यांनी डाव्या कानाला चिमटा लावला, वायर सदऱ्याच्या खिशातल्या डबीला जोडली. कानाला बारीक मुंग्या आल्या. कारण नसताना जीव घाबरा व्हायचा, दरदरून घाम फुटायचा, म्हणून जालन्याच्या डॉक्टरांनी गोळ्यांच्या जोडीला हे यंत्र दिलं होतं. त्यानं नस शांत होते म्हणे. हसनाबादेत मात्र पुष्पाबाईंनी सांगून ठेवलं होतं, यांना ऐकू येत नाही, कानाचं मशीन आहे.

“बहिरा बाप चालतो,” त्या म्हणायच्या. “डोक्याचा इलाज चालू हाय म्हणलं की झालं! एकदा का हे फुटलं, मंग आपल्या मीनाला पंचक्रोशीत कुणी करून घेणार न्हाई.”

तेव्हापासून वर्षभर कारभारी बहिरे होते. कुणी काही विचारलं की दोनदा “आँ?” करायचे. पारावर लोक त्यांच्या तोंडावर त्यांचीच उणीदुणी काढत आणि हे बिचारे आभाळाकडे बघत बसत. घेतलेलं सोंग निभवावं तर लागतंच.

आज मीनाची सुपारी फुटायची होती, म्हणजे सोयरीक पक्की व्हायची होती. टेंभुर्णीचे सोमेश्वरराव आणि नंदाबाई आले होते. त्यांचा मुलगा अंगद महिन्यापूर्वीच पोरगी पसंत करून गेला होता. मागणं काही नाही, फक्त लग्न पंधरा दिवसांत उरकायचं. मुलाकडचे असून घाई त्यांनाच. असं स्थळ नशिबानं मिळतं, असं पुष्पाबाई सगळ्यांना सांगत सुटल्या होत्या.

“बरं हाय ना, पाव्हणं?” सोमेश्वरराव ओरडले.

“आँ?”

सगळे हसले. कारभाऱ्यांच्या पाठीवरून घाम ओघळला. आता हा विचारणार, कुठल्या डॉक्टरचं मशीन म्हणून.

तेवढ्यात डबी टीं-टीं वाजली आणि बंद पडली. सकाळपासून लाईट नव्हती, चार्जिंग संपलं होतं.

“सेल गेला जणू,” सोमेश्वरराव म्हणाले.

कारभाऱ्यांनी चिमटा काढला. तो खिशात सारला. पुष्पाबाई चहा बघायला आत गेल्या. बैठकीत तिघंच उरली. कारभारी जीव मुठीत धरून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

नंदाबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

“अवं, अंगदच्या पहिल्या बायकूनं मारहाणीची केस टाकलीय, ते सांगून टाकावं का?”

“कह्याला? सुपारी फुटू दे आधी.”

“हळू बोला की.”

“हा तं ठार बहिरा हाय.”

पुष्पाबाई कपबशा घेऊन आल्या. मागोमाग डोक्यावर पदर घेतलेली मीना. सोमेश्वररावांनी ताटातली सुपारी उचलली, कारभाऱ्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडले, “मंग, फोडायची का?”

छातीतली धडधड काही थांबली नव्हती. कारभाऱ्यांनी पोरीकडे पाहिलं.

“वरडू नका, पाव्हणं,” ते म्हणाले. “ते मशीन डोक्याचं हाय. कान माझे बिलकुल बराबर हायेत.”