पेटीवरची छत्री

"पान चौथं बघा," ती म्हणाली. "आधीच्या तीन पानांत नुसती तपासणीची पद्धत आहे."

डॉक्टरांनी चष्मा लावला. प्राणिसंग्रहालयाच्या प्रमुखपदावरून ते शुक्रवारी निवृत्त होणार होते. खोलीत अर्धवट भरलेली खोकी होती. भिंतीवरचे फोटो निघाले होते, त्यांच्या जागी फिकट चौकोन उरले होते. अहवाल तीन आठवड्यांपूर्वीच तयार झाला होता. तिने तो खणात ठेवला आणि या आठवड्याची वाट पाहिली.

"अरे, तू आपल्या पांडावाल्याची मुलगी ना? केवढी मोठी झालीस!"

"वीस वर्षांत होतं माणूस मोठं. वाचा."

वीस वर्षांपूर्वी इथे चार लाल पांडा होते. बाहेरच्या भटक्या कुत्र्यांत डिस्टेंपर या जीवघेण्या रोगाची साथ आली, म्हणून डॉक्टरांनी पांडांना लस टोचली. दोन आठवड्यांत तीन पांडा मेले. आधी डोळ्यांना चिपडं, मग खोकला, मग झटके. डॉक्टरांनी वर कळवलं, की देखभाल करणाऱ्याने, म्हणजे तिच्या बाबांनी, लशीची बर्फाची पेटी उन्हात ठेवली, लस वाया गेली आणि कुत्र्यांचा रोग आत शिरला. बाबांची नोकरी गेली. फायलीत त्यांच्या सहीची कबुली होती. सह्या कशा घेतल्या जातात, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

कबुली खोटी होती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. लस टोचली त्या दिवशी ती तिथे होती. शाळेला सुट्टी होती, वय नऊ. अंगणात सावली नव्हती. बाबांनी आपली काळी छत्री तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "पेटीवर धर. हलायचं नाही हं." दोन तास ती हलली नव्हती. चौकशीत तिने हे सांगितलंही. डॉक्टर हसले होते. "लहान मुलांना काय, काहीही आठवतं."

बाबा पुढे एका गोदामाच्या फाटकावर बसू लागले. जुने सोबती रस्त्यात भेटले की विचारत, "काय राव, डबा सावलीत ठेवलाय ना?" बाबा हसून पुढे जात. तिला ते हसणं सहन होत नसे. तिने विषाणूंचा अभ्यास घेतला, तो त्या हसण्यापायी. मेलेल्या जनावरांच्या फुप्फुसांचे तुकडे जिथे मेणात घालून ठेवतात, त्याच प्रयोगशाळेत तिने नोकरी धरली. तिथे काहीच फेकलं जात नाही. फेकायला तीन सह्या लागतात. तिन्ही पांडा एका खोक्यात होते.

डॉक्टरांनी पान खाली ठेवलं.

"कुत्र्यांमधला विषाणू वेगळा, लशीतला वेगळा," ती म्हणाली. "दोन्ही ओळखता येतात. तिन्ही पांडांत लशीतला निघाला. तुम्ही कुत्र्यांची जिवंत लस दिलीत. कुत्र्यांना ती वाचवते, पांडांना मारते. बाटलीवर लिहिलेलं होतं, फक्त कुत्र्यांसाठी."

"पांडांना चालणारी लस यायला दोन महिने होते. साथ दारात आली होती. मला वाटलं..."

"उन्हात लस मरते. मेलेल्या लशीने कोणी आजारी पडत नाही. म्हणजे पेटी थंड होती. मला बरोबर आठवत होतं, डॉक्टर. आता लिहा."

तिने कोरा कागद पुढे सरकवला. डॉक्टर लिहीत असताना ती उभीच राहिली.

"'अनवधानाने' खोडा."

त्यांनी खोडलं. मग सही केली. ती तिने नीट पाहून घेतली.

"एक सांगू?" ते म्हणाले. "दोष मी त्याच्यावर ढकलला, खरं आहे. पण कबुली मी मागितली नव्हती. दुसऱ्या दिवशी तो आपणहून लिहून घेऊन आला."

"शुक्रवारी तुमच्या कौतुकाची भाषणं होतील," कागदाची घडी घालत ती म्हणाली. "त्यांच्याआधी हे वाचलं जाईल. प्रती मी पाठवते आहे."

रस्त्यातच तिने प्रती पाठवून दिल्या.

बाबा स्वयंपाकघरात शेंगा सोलत होते. तिने कागद मोठ्याने वाचला. पेटी शेवटपर्यंत थंड होती, हे वाक्य तिने दोनदा वाचलं. बाबांचे हात थांबले.

"चौथीचं काही लिहिलंय?"

"कुठली चौथी?"

"सुई बघून ढोलीत दडून बसली होती बघ. तिला टोचायचं राहिलं. नंतर नऊ वर्षं जगली ती."

तिने कागद खाली ठेवला. "म्हणजे लशीनेच मारलं, हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं? मग कबुली कशाला दिलीत, बाबा? त्यांनी धमकावलं ना तुम्हाला?"

"छे गं. तो कसला धमकावतोय." बाबांनी एक शेंग उचलली, सोलली नाही. "तू हुशार होतीस. आज ना उद्या तुझ्या डोक्यात आलं असतं, की पेटी उन्हात राहिली असती, तर तिघं वाचली असती. म्हटलं, कागदावर तरी राहू दे ती उन्हात. छत्री तू धरली होतीस, पोरी."