खाडी गोठायच्या आत

“फुंका, फुंका, अजून, अजून,” नर्स म्हणत होती.

मियालियाने नळीत फुंकलं. दुसऱ्याच सेकंदाला खोकल्याची उबळ आली आणि नळी तोंडातून सुटली.

“पन्नास वर्षं धूर आत ओढायला दम होता,” रूती म्हणाली. “बाहेर सोडायची वेळ आली की संपला.” रूती दवाखान्यात दुभाषी होती आणि मियालियाची भाची.

“निम्म्या सिगरेटी तूच आणून दिल्यास,” मियालिया म्हणाली.

नर्सने स्क्रीनवर छातीचा फोटो दाखवला. उजव्या फुफ्फुसाभोवती पाणी साठलं होतं. ते काढायची सोय उत्तर टोकाच्या या बर्फाळ गावात नव्हती, फक्त दूर दक्षिणेतल्या मोठ्या हॉस्पिटलात. चार दिवसांचं काम, सोबत घरचं एक माणूस नेता येईल. विमान धावपट्टीवर उभं होतं. पुढचं पाच दिवसांनी, आणि तोवर हा श्वास पुरेल असं नर्सला वाटत नव्हतं. रूतीने सगळं जसंच्या तसं सांगितलं.

मियालियाने ऐकून घेतलं. मग वाकून पायातले कातडी बूट काढले आणि बाकाखाली लांब ढकलले.

“मी जात नाही.”

रूतीने अर्धा तास डोकेफोड केली. शेवटी फोन उचलला. “थांबा, हिच्या आईलाच बोलावते.”

नर्स नवीन होती. पंचाहत्तर वर्षांच्या बाईची आई. तिने आपली खुर्ची रिकामी केली, पाण्याचा ग्लासही भरून ठेवला.

दहा मिनिटांनी पाण्याचा टँकर दारात थांबला आणि उलायुक आत आला. छत्तिशीचा, दाढीवाला, दारात मावेना असा.

“पोरी, काय चाललंय तुझं? अर्ध्या गावाच्या टाक्या कोरड्या आहेत.”

“आई, तू यात पडू नकोस,” मियालिया म्हणाली. “आणि ती दाढी काढ. शोभत नाही तुला.”

नर्सने रूतीकडे पाहिलं.

“हिच्या भावाचा नातू आहे,” रूती म्हणाली. “हिच्या गेलेल्या आईचं नाव ठेवलंय त्याला. नाव ज्याचं, माणूस तोच. बाई की बाप्या, ते आम्ही बघत नाही.”

तो अंगावर पीत होता तेव्हापासून मियालिया त्याला आई म्हणायची. हिवाळ्यातला पहिला हातमोजा शिवायची तो त्याचा. शिकारीचा सील प्राणी घरात आला की त्याच्या काळजाचा तुकडा आधी उलायुकला.

उलायुक तिच्यासमोर जमिनीवर बसला.

“का जात नाहीस?”

“तुला माहितीये.”

“तरी सांग.”

सांगताना तिला मध्ये मध्ये दम खावा लागला. ती लहान असताना तपासणीचं सरकारी जहाज ऑगस्टमध्ये आलं होतं. सगळ्यांना वर चढवून छातीचे फोटो काढले. ज्यांच्या छातीत क्षयाचा डाग दिसला त्यांना परत उतरूच दिलं नाही. आईच्या हातावर शाईने आकडा लिहिला होता. सहा वर्षांची मियालिया खाली वडलांच्या होडीत, आई वर कठड्याशी. आई ओरडून म्हणाली, खाडी गोठायच्या आत येते.

“मी रोज जाऊन बघायचे,” मियालिया म्हणाली. “काठाला पातळ बर्फ आला की काठीने फोडायचे. गोठू नये म्हणून. एका सकाळी काठी मारली, फुटलंच नाही.”

पुढच्या उन्हाळ्यात जहाज आलं. त्यातून दुसऱ्यांच्या आया उतरल्या. हिच्या आईला तिकडे कुठे पुरलं, तेही कोणी सांगितलं नाही.

“छातीसाठी तिकडे गेलेलं माणूस परत येत नाही. माझी आई नाही आली.”

बाहेर टँकरचं इंजिन चालू होतं. उलायुकने ही गोष्ट शंभरदा ऐकली होती. दर वेळी मान खाली घालून ऐकायचा. आज त्याने मान वर ठेवली.

“मी जन्मलो त्या दिवशी खाडी गोठली होती?”

मियालियाने त्याच्याकडे पाहिलं.

“नाही,” ती म्हणाली. “काठाला नुसतं पातळ होतं. काठीने फुटत होतं.”

उलायुकने बाकाखाली हात घालून बूट ओढून काढले.

“उशीर झाला मला, पोरी. पण आलो ना? चल. या वेळी दोघं जाऊ.”

मियालियाने डावा पाय पुढे केला.