गोडं पाणी

पहाटे दुबईतल्या गोल्फच्या मैदानावर मुश्ताक नळीनं गवत भिजवत होता, तेव्हा श्रीवर्धनहून सकिनाचा व्हिडिओ कॉल आला. तिच्यामागं सुपारीच्या वाडीतल्या पोफळी माना टाकून उभ्या होत्या. “विहीर खारी झाली. टँकर मागवलाय, पण त्याचं पाणी एकाच रांगेला पुरेल. अब्बांनी लावलेल्या पोफळी जगवू, का निकाहच्या वर्षी आपण दोघांनी लावलेल्या? लवकर सांगा, ड्रायव्हर थांबायचा न्हाय.” मुश्ताकची नजर हातातल्या नळीवर गेली. “अवो, तुमच्या नळीचं पाणी गोडं हाय?” “व्हय.” “आन् त्या गवताला फळ काय धरतं?” तो कसनुसा हसला. तेवढ्यात फोरमननं हाक मारून हिरवळीवरचा तळहाताएवढा पिवळा डाग दाखवला. मुश्ताकनं मुकाट्यानं नळी तिकडं वळवली. सकिना ते बघत राहिली. “ऱ्हाऊद्या,” ती म्हणाली, “तुमी तुमचं गवत जगवा. इथं कुणी मरायचं ते मी ठरवते.”